पटलं की पाय हलवायचा

जेवणानंतरचा तास. पंखा नुसताच फिरत होता. इतिहासाच्या बाईंनी बाकं भिंतीला सारली होती आणि वर्गभर एक लांब दोरी अंथरली होती. दोरी म्हणजे अख्खं युद्ध. या टोकाला पहिली गोळी, त्या टोकाला तह. मधे पूल, मग हिवाळा, मग बंदर. युद्ध जिथे फिरलं असं ज्याला वाटतं, त्याने तिथे उभं राहायचं आणि भांडायचं. नियम एकच.

"पटलं की पाय हलवायचा," बाई म्हणाल्या. "तोंडाने हो म्हटलेलं मी धरत नाही."

आधी सगळीकडे थोडी थोडी गर्दी होती. मग वकिलाने तोंड उघडलं. खरा वकील कसला, दहावीतलंच पोर. पण वादात कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, म्हणून हे नाव. तो बंदरावरून बोलू लागला तशी हिवाळ्यातली मुलं एकेक करून सरकली. उन्हाच्या पट्ट्यात खडूची धूळ तरंगत होती. बंदरावरची पोरं पेंगत, डुलत, होड्यांसारखी एकमेकांना लागून उभी होती.

पुलावर फक्त चिमणी, वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी, उरली. एकटीच खिंड लढवत होती बिचारी.

"पुलावर शत्रू अडला होता," ती म्हणाली.

"अडला, कबूल. पण दुसऱ्या दिवशी खालच्या उतारावरून नदी ओलांडलीच ना त्याने? बंदर गेलं तेव्हा त्याचं तेल संपलं. तेलावाचून रणगाडा म्हणजे नुसतं लोखंडी पिंप!"

वर्ग हसला. चिमणी हसली नाही.

"माझे पणजोबा त्या पुलावरच लढताना गेले," ती म्हणाली. "त्यांच्यामुळे युद्ध फिरलं, असं घरी सगळे म्हणतात. पणजी तर मरेपर्यंत तेच सांगत होती."

झालं! वकील बाईंकडे बघू लागला. पण नियम बाईंनीच घातलेला.

"तू सांग बाळा," त्या हळूच म्हणाल्या. "तुला पटलं का?"

चिमणीने दोरीकडे बघितलं.

"पटलं," ती म्हणाली. "पूल लढवला नसता, तरी युद्ध असंच संपलं असतं."

तिने वाकून बुटांचे बंद सोडले. बूट तिथेच दोरीवर ठेवले, टाचा जुळवून, तोंड शत्रूकडे. आणि मोज्यांवर चालत बंदराकडे आली. पोरांनी सरकून तिला जागा दिली.

"अगं, बूट विसरलीस," वकील कुजबुजला.

"विसरले नाही. युद्ध इथे फिरलं रे. पण पणजोबा तिथेच आहेत ना."

घंटा झाली. कुणी जागचं हललं नाही. शेवटी बाईंनीच तहाच्या टोकाकडून दोरी गुंडाळायला घेतली. बंदर गेलं, हिवाळा गेला. पुढे दोरीवर बूट होते. ओढली असती तर ते पडले असते. बाईंनी गुंडाळी खाली ठेवली आणि स्वतः पुलावर, बुटांशेजारी उभ्या राहिल्या.