चवीपुरतं मीठ

औषधवाल्यांनी डबा आधी उलटा केला, मग सुलटा, आणि चांगला दहा वेळा हलवला. वापरण्यापूर्वी बाटली हलवावी, हे चाळीस वर्षं काउंटरमागून गिऱ्हाइकांना बजावत आलेला माणूस. डब्याला तरी कसा सोडेल. मग कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन त्यांनी लेबल वाचलं. मटार, गाजर, मका. मुदत पुढच्या वर्षापर्यंत. शेवटी बारीक अक्षरांत पाणी आणि मीठ. मीठ किती, ते मात्र लिहिलेलं नव्हतं, आणि ज्याचं प्रमाण लिहिलेलं नाही ते त्यांच्या लेखी नव्हतंच.

भात झाला होता. अंडी उकडून, सोलून झाली होती. भात मापाचा, अंडी घड्याळाची. दोन्ही फक्कड जमली होती. घोडं अडलं होतं ते तोंडीलावण्याशी.

बाहेरच्या खोलीत त्यांची बायको प्लास्टरमधला उजवा हात उशीवर ठेवून बसली होती आणि दाराशी तिची भरलेली बॅग उभी होती. तिच्या थोरल्या बहिणीचा तसा फोनच आला होता. ताई एक वाजता जेवायला येणार, आणि जेवण माणसांनी खाण्याजोगं नसेल तर बहिणीला प्लास्टर निघेपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, आपल्या घरी घेऊन जाणार. ताईंचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता. बॅग औषधवाल्यांनीच भरली होती, साड्यांच्या नीट घड्या घालून. सहा आठवडे या घरात एकट्याने काढायचे, या विचाराने दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण हे बायकोला सांगायचं कसं, ते काही कुठल्या लेबलवर लिहिलेलं नसतं.

"कांदा परतला," ते आतून म्हणाले. "आता?"

"डब्यातलं पाणी काढून टाका आणि भाज्या घाला."

"पाणी टाकून देऊ? सगळा अर्क त्यातच उतरलेला असतो."

"अहो, टाका म्हटलं ना."

औषधवाल्यांनी डबा अर्कासकट कढईत उपडा केला. "मीठ किती?"

"चवीपुरतं."

"कुणाच्या चवीपुरतं?"

"अंदाजाने घालायचं हो. हात सांगतो."

"अंदाजाने औषधं दिली असती तर निम्मी गल्ली आज नसती."

तेवढ्यात बेल वाजली. अजून पावणेएकच झाला होता, पण वेळेआधी पोचून लोकांना रंगेहाथ पकडायचं हे ताईंचं जुनं तंत्र. बायकोने डाव्या हाताने दार उघडलं. आता आतून काही विचारणं म्हणजे आपलं अज्ञान स्वतःच्या तोंडाने जाहीर करणं. औषधवाल्यांनी हिशोब मनातल्या मनात केला. खाणारी माणसं तीन. माणशी एक चमचा. खोकल्याच्या बाटलीबरोबर मिळालेला मापाचा चमचा त्यांनी तीनदा भरला आणि तिन्ही वेळा सुरीने सपाट केला, कुणाला कमीजास्त जायला नको. चाखून बघावं हे काही त्यांच्या मनात आलं नाही. काउंटरमागचा माणूस औषध स्वतः घेऊन बघत नसतो.

पानात वाढल्यावर तोंडीलावणं देखणं दिसत होतं.

"दिसतंय तरी बरं," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी चमचाभर तोंडात घातलं.

त्यांचा जबडा मध्येच थांबला. ताई अन्न टाकणाऱ्यातल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांनी ते गिळलं. मग एक ग्लास पाणी प्यायल्या. मग दुसरा.

"चल, ऊठ," त्या बहिणीला म्हणाल्या आणि दाराशी जाऊन त्यांनी बॅगेचा पट्टा धरला.

औषधवाल्यांनी आपल्या ताटातला एक मटार तोंडात टाकला. एकच. त्यानंतर बायकोकडे बघायची त्यांची छाती होईना. ते भाताकडे बघत राहिले.

बायको उठली नाही. तिने डाव्या हाताने चमचा भरला. निम्मे मटार घरंगळून ताटात परत गेले, उरलेले तिने खाल्ले. मग दुसरा चमचा भरला, तोही खाल्ला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. शर्टाच्या कॉलरपासून घोरण्यापर्यंत नवऱ्याच्या एकाही गोष्टीला तिने कधी बरं म्हटलेलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "मीठ आणा जरा. कमी पडलंय."

"कमी?" ताईंनी दारातून विचारलं.

"मला थोडं जास्तच लागतं."

औषधवाल्यांनी मिठाची बरणी आणली. बरोबर मापाचा चमचाही आणला. "किती?" त्यांनी विचारलं.

"अंदाजाने."

त्यांनी हातातल्या चमच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला ठेवला. मग बरणीत बोटं घालून चिमूटभर मीठ उचललं आणि तिच्या ताटात भुरभुरवलं. तिने ते मटारांत कालवलं आणि खाल्लं. तिचे डोळे पाण्याने भरले, पण चमचा काही थांबला नाही.

ताईंनी बॅगेचा पट्टा सोडला. त्या परत येऊन खुर्चीवर बसल्या, आणि त्यांनी पाण्याचा जग बहिणीच्या डाव्या हाताशी सरकवला.