घरबसल्या काम

भंगारातल्या कॉम्प्युटरमधलं सोनं काढायचा त्याचा धंदा काही केल्या नफ्यात येईना. त्यातल्या सर्किटच्या हिरव्या प्लेटा भाजताना जो धूर व्हायचा, तो बाहेर ओढणाऱ्या भल्यामोठ्या पंख्याचं वीजबिलच सगळी कमाई गिळून बसायचं. एवढं करूनही मागच्या खोलीत वाढणाऱ्या लेकीचा खोकला हटेना.

शेवटी त्याने दोन्ही दुखणी एकदमच निकालात काढली. लेकीला आजोळी धाडलं आणि भाजायचं काम एका मुकादमाला अंगावर देऊन टाकलं.

"पण तू हे करून घेतोस कुठे?"

"बायका करतात मालक, आपापल्या स्वयंपाकघरात. ना पंखा, ना भाडं."

"अरे, आणि धूर?"

"खिडक्या असतात की घराला! तुम्हाला सोनं मिळतंय ना? मग कशाला नसत्या चौकशा?"

मालकाने चौकशा आवरत्या घेतल्या, पंखाही विकून टाकला. धंद्याने पहिल्यांदाच बाळसं धरलं, तसा तो बाहुली घेऊन लेकीला भेटायला सासुरवाडीला गेला.

दारातच ओळखीचा खोकला ऐकू आला. घर धुराने भरलं होतं. सासूबाई शेगडीवरची हिरवी प्लेट खाली उतरवून हसत पुढे आल्या.

"या जावईबापू! तुमचाच माल आहे, पण मुकादमाला मी नातं सांगितलं नाही हो, उगाच तुम्ही भिडेपोटी दर वाढवाल. आणि लेक शोभते बरं का तुमची, चिमट्याने प्लेट धरायला एका दिवसात शिकली!"