वेशीवरची घंटा

ऑगस्टच्या उन्हात क्योतोतल्या त्या देवळाबाहेर लांबलचक रांग लागली होती. जुन्या राजधानीची वेस इथे असायची आणि पलीकडे मसणवटा सुरू व्हायचा. इथली घंटा मेलेल्यांना ऐकू जाते, आणि मग ते पाइनच्या फांदीवर बसून पितरांच्या सणापुरते घरी येतात.

"आमच्या ह्यांना घंटा कशाला? स्वयंपाकघरात भांडं वाजलं तरी हजर होतील," रांगेतली एक बाई म्हणाली, तसे पुढचे-मागचे हसले.

तोमिए दरवर्षी नवऱ्यासाठी घंटेची दोरी ओढायची. तिचा मुलगा शूजी चार वर्षांपूर्वी डोंगरात गेला तो सापडलाच नाही. त्याच्यासाठी तिने ती कधी ओढली नव्हती आणि त्याच्या बायकोने, चिझुरूनेही, तसं कधी सुचवलं नव्हतं. यंदा मात्र तोमिएने दोन फांद्या घेतल्या आणि दोरी दुसऱ्यांदा ओढली.

"आई, हे काय?" शेजारी उभ्या चिझुरूने विचारलं.

"अगं, जिवंत असला तर त्याला ऐकूच जाणार नाही. फांदी रिकामी राहील. तेवढं तरी कळेल."

शूजीची फांदी तिने सुनेच्या हातात दिली. दोघी नदीपर्यंत चालत आल्या. पुलावर तोमिए थांबली.

"कशी लागतेय गं? जड?"

"नाही, आई. हलकी आहे," चिझुरू म्हणाली, आणि हात भरून आला म्हणून तिने फांदी दुसऱ्या हातात घेतली.