चौथ्या खांबाजवळचा वटवट्या

चौथ्या खांबाजवळ येताच सासऱ्यांनी हात वर केला. पाखरांच्या गणतीचा हा कायदाच होता. त्यांचा हात वर गेला की दहा मिनिटं खोकलासुद्धा गिळायचा. सुनेनं पाण्याची बाटली काखेत दाबली आणि श्वास आवरला.

समोर कमरेएवढं गवत, टोकाटोकाला दव. राखीव रानात आज सगळं गाव जोडीजोडीनं पसरलं होतं. टपालवाली आणि गवंडी तळ्याकाठी, दोघी शिक्षिका बांबूंपाशी. ज्यानं त्यानं आपापल्या खांबाजवळ उभं राहायचं आणि जे ऐकू येईल ते कागदावर मांडायचं. चौथा खांब चोवीस वर्षं सासऱ्यांचा. शिवणकाम सुटलं, खांब सुटला नाही. यंदा सासूबाईंचा गुडघा धरला म्हणून सूनबाईची नेमणूक झाली, तीही पाणी वाहण्यापुरती.

सकाळी फाटकातच रानाच्या राखणदारानं त्यांना गाठलं होतं. "काका, वटवट्या पाखराची गणती तुमच्याकडे दोन वर्षं शून्य आहे. यंदाही नाही निघाला, तर ते गवत राखून करायचं काय? कापून बाकडी टाकू म्हणतायत वरचे."

"नसेल तर नाही म्हणून लिहीन," सासरे म्हणाले होते. "दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर मी कधी कोट शिवला नाही. माझ्या कानी पडेल तेवढंच कागदावर येईल."

पण वाटेत एकदा थांबून ते म्हणाले, "एवढासा जीव गं. अंगठ्याएवढा. लाटेसारखा वर जातो, खाली येतो, आणि दर लाटेला एकदा हाक देतो. कुठं रुसून बसलाय कोण जाणे."

आणि आता गवतावरून आवाज आला.

चिट्. चिट्. चिट्.

सुनेनं हसून सासऱ्यांकडे पाहिलं. ते कानामागे तळवा धरून उभे होते. चेहरा असा, की सगळं गवत त्यात मावावं. दुसऱ्या हातातली पेन्सिल मात्र हलली नाही.

चिट्. चिट्.

पेन्सिल हलली नाही.

सुनेचं हसू ओठांवरच राहिलं. तिला घरातली किटली आठवली. ती शिट्टी मारमारून दमायची आणि सासरे शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत राहायचे. सासूबाई कडाडायच्या, "किटली काय माझ्या माहेरून आलीय, मीच उठायला?" सगळे हसायचे. सासरेही हसायचे.

बोलावं तर सासऱ्यांचा खांब जातो, गप्प राहावं तर पाखराचं घर. सासऱ्यांनी सुस्कारा सोडला आणि पेन्सिल वटवट्याच्या रकान्याकडे नेली. शून्याची पहिली वळणदार रेघ उमटणार, तोच सुनेनं त्यांची बाही धरली.

"बाबा," ती त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "त्या वाकलेल्या काडीच्या वर बघा."

त्यांनी गळ्यातली दुर्बीण लावली. पाखरू वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. ते बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"चोच उघडतोय," ते म्हणाले.

"हो."

"दर लाटेला?"

"दर लाटेला."

त्यांनी दुर्बिणीची काच सदऱ्याच्या टोकानं पुसली. काच स्वच्छच होती. पुन्हा लावून पाहिलं. मग दुर्बीण छातीवर सोडून दिली.

"म्हणजे गेल्या वर्षीही असणार," ते हळूच म्हणाले. "आणि त्याच्या आधीच्याही. हा बिचारा घसा फोडून सांगतोय, मी इथंच आहे म्हणून. आणि मी शून्य काढतोय."

सुनेनं धरलेली बाही सोडली नाही.

"किटलीसुद्धा?" त्यांनी एकदम विचारलं.

"किटलीसुद्धा, बाबा."

"तुझ्या सासूला आजच्या आज सांगू नकोस. दोन वर्षं भांडली ते फुकट गेलं म्हणेल."

दोघं हसली, पण बेतानं. गणती चालू होती. मग सासऱ्यांनी कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"लिही."

"मी? मी तर पाणी घेऊन आले होते."

"माप तू घेतलंस. मग आकडाही तुझ्याच हातचा हवा. आणि ऐकणाऱ्याच्या जागी तुझं नाव घाल."

"आणि तुम्ही?"

"मी दाखवणारा. कोणता कोण, ते तुला अजून कुठं कळतंय?"

तिनं एकचा आकडा काढला. खाली नाव लिहिलं. सासऱ्यांनी ते वाकून वाचलं, शिवण तपासावी तसं.

"आता सांग, कसा वाजतो?" ते म्हणाले. "विसरलो नाही. पण सांग."

तिनं डोळे मिटून ऐकलं. "तुमची मोठी कात्री होती ना? कापड कापून संपलं की तुम्ही ती नुसतीच हवेत मिटायचात. तसा."

दहा मिनिटं अजून पुरी झाली नव्हती. सासऱ्यांनी एक हात पुन्हा वर केला. दुसरा हात मांडीशी खाली होता. गवतावर पाखरू वर जायचं, आणि त्या हाताची दोन बोटं उघडून मिटायची. एकही लाट चुकली नाही.