लाल फितीची पिन

हल्ल्याचा भोंगा वाजला तसे सरनाईकसाहेब धावतच लढाऊ विमानात चढले. त्यांचे पट्टे आवळणाऱ्या मेकॅनिकला म्हणाले, “गजाभाऊ, परतल्यावर चहा तुमच्याकडून!”

“आधी परत तर या, साहेब!” दोघंही खळखळून हसले आणि विमान झेपावलं.

संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची विमान जमिनीवर असताना लाल फितीच्या पिनेने अडकवून ठेवतात; पिन आत असेपर्यंत ती उडत नाही. उड्डाणाआधी मेकॅनिक ती खुर्चीमागून उपसतो, वैमानिकाला दाखवतो आणि खिशात टाकतो.

परतताना विमान पेटलेलंच दिसलं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “अरे, घाबरता काय? गजाभाऊंची खुर्ची आहे ती!” कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. गजाभाऊंनी हसतच खिसा चाचपला. हाताला नुसता रुमाल लागला. हसण्याच्या नादात पिन खुर्चीतच राहिली होती.

सगळे आभाळात पॅराशूट शोधत राहिले. गजाभाऊंनी मान वर केलीच नाही.