बार्शीचं घर

“पाण्याचं कसं करता हो तुम्ही लोक इथे?” शिवगंगाबाईंनी विचारलं.

“पानी हाय की. गोड पानी हाय,” रेवणप्पा म्हणाले.

शिवगंगाबाई आपल्या मुलासाठी रेवणप्पांची जगदेवी बघायला पुण्याहून आल्या होत्या. कुर्डुवाडीला गाडी बदलून येडशीला उतरल्या आणि तिथून सर्व्हिस मोटारीनं धूळ खात आल्या. उस्मानाबादेत सगळे उर्दूच बोलत असतील, बाजारात बाई दिसणार नाही, दिवस मावळला की कुणी दार उघडत नसेल, असं त्यांना वाटलं होतं. हे त्या हसत सांगत होत्या. रेवणप्पाही हसत होते. कापडाच्या दुकानात बसून त्यांना गिऱ्हाइकाबरोबर हसायची सवय झाली होती.

जगदेवी खाली मान घालून सतरंजीवर बसली होती. आई, पार्वतम्मा, आतल्या दाराशी उभी. शेजारची हमिदाबी सकाळीच जगदेवीसाठी गजरा घेऊन आली होती, ती दाराजवळ कोपऱ्यात टेकली होती.

मुलगी पसंत पडल्याचं शिवगंगाबाईंच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“राग मानू नका, रेवणप्पा. पण आमच्याकडे चार माणसं विचारतील. रझाकारांच्या वेळी मुलगी कुठे होती?”

याआधी सोलापूरचे पाहुणे येऊन गेले होते. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. मुलगी चांगली आहे, पण गाव उस्मानाबाद, एवढाच निरोप मागाहून आला होता.

“बार्शीला,” रेवणप्पा म्हणाले. “तिच्या मामाकडं. आमी आधीच धाडली व्हती.”

जगदेवीनं मान वर केली. ती बार्शीला जन्मात गेली नव्हती. तो सगळा पावसाळा तिनं भिंतीपलीकडं, हमिदाबीच्या घरात काढला होता. पार्वतम्मा भिंतीवरून भाकरी द्यायची. निजायच्या वेळी हमिदाबी दाराला आडवी पडायची. एकदा रझाकार दाराशी आले, तेव्हा उंबऱ्यात उभी राहून ती म्हणाली, “अंदर मेरी बहू है, जचकी हुई है,” आणि आत बाळंतीण आहे म्हणून ते आल्या पावली परत गेले. जगदेवीच्या केसालाही धक्का लागला नव्हता. पण तो कुणामुळं लागला नाही, हे सांगितलं असतं तर पुण्यात कुणाला पटलं असतं?

तिच्या ओठाशी शब्द आले. बापानं तिच्याकडं पाहिलं. ती नजर दटावणारी नव्हती. हात जोडल्यासारखी होती. जगदेवीनं मान पुन्हा खाली घातली.

शिवगंगाबाईंचं समाधान झालं नव्हतं. त्या कोपऱ्याकडं वळल्या. “तुम्ही शेजारच्या ना? तुम्हाला ठाऊक असेल.”

हमिदाबीनं पदर सारखा केला.

“व्हय जी. बार्शीलाच व्हती. वरीसभर म्या तिचं तोंड न्हाय बघितलं.” “लई बरं केलं भाऊंनी. आमच्या मान्सांचा काय भरवसा व्हता तवा?”

“बघा,” शिवगंगाबाई म्हणाल्या, “ही स्वतःच सांगते आहे!”

मग सगळं भराभर झालं. जगदेवीच्या कपाळाला कुंकू लागलं, ओटी भरली, हातावर साखर पडली. ती सगळ्या मोठ्यांच्या पाया पडली. ती कोपऱ्याकडं वळणार, तोच हमिदाबी रिकाम्या कपबशा उचलून आत निघून गेली.

निघताना शिवगंगाबाईंनी जगदेवीच्या गालावरून हात फिरवला. “आमची चुलत बहीण बार्शीलाच असते. भगवंताच्या देवळामागे. तुझ्या मामांचं घर तिथून जवळच असेल. लग्न झालं की दोघी जाऊन येऊ. तू दाखव मला सगळं.”

टांगा कोपऱ्यावरून वळला. रेवणप्पा दारातच उभे राहिले.

जगदेवी स्वयंपाकघरात आली. हमिदाबी चुलीजवळ बसली होती.

“चाची, तुमी असं कसं बोललात? तुमच्या तोंडानं?”

“मंग कुनाच्या तोंडानं बोलायचं व्हतं? त्येंना माझंच खरं वाटनार व्हतं.”

“म्या सांगते त्यांना. अजून टांगा लांब गेला न्हाय.”

“सांग,” हमिदाबी म्हणाली. “आन् मंग ह्याच घरात बस. तुझ्यामागं तुझी धाकटी भन बी बसंल.”

जगदेवी उंबऱ्याशी उभी होती. बाहेर जायला वाट मोकळी होती, पण तिचं पाऊल उचललं नाही. थोड्या वेळानं ती भिंतीला पाठ लावून खाली बसली.

पार्वतम्मा डोळे पुसत आत आली आणि आपल्या भावाचं घर सांगायला लागली. दार पूर्वेला. शिरताना डाव्या हाताला देवघर. माळवदावर जायला लाकडी जिना, त्याची एक पायरी मोडकी. परसात शेवगा. जगदेवी ऐकत होती, मान हलवत होती.

“आता सांग,” हमिदाबीनं तिला विचारलं, “बार्शीला मामाच्या परसात काय हाय?”

“आड हाय,” जगदेवी पटकन म्हणाली. “दगडी. हात-पाय धुवायला मोठी शिळा, आन् बाजूला डाळिंबाचं झाड.”

पार्वतम्मानं तोंडावर पदर धरला.

“ते आमच्यात हाय, बेटा,” हमिदाबी म्हणाली. “मामाच्या परसात शेवगा हाय. पुन्यांदा सांग.”