शिंडहाउटची नऊ घरं

"पण अर्थ काय त्याचा?" मनोहररावांनी चिवड्याची बशी योनासपुढे सरकवली. "शिंडहाउट. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या शालिकरामला मी सांगून बसलोय, मोठं खानदानी नाव आहे म्हणून."

योनास हसला. नागपूरच्या मिहानमधल्या विमानदुरुस्तीच्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. मराठी तिथल्याच पोरांकडून शिकलेला, त्यामुळे ती थेट नागपुरी होती. शेजारी मनोहररावांची मुलगी श्वेता बसली होती. तिच्याशी लग्नाचं विचारायला तो आज रामदासपेठेतल्या या घरी आला होता. मनोहररावांनी होकार मनातल्या मनात कधीच देऊन टाकला होता. जर्मन जावई, तोही इंजिनिअर.

"शिंडन म्हणजे सोलणं, काका," योनास म्हणाला. "हाउट म्हणजे कातडं. आमचे पूर्वज मेलेली ढोरं सोलत."

मनोहररावांचा चमचा हवेतच थांबला.

"म्हणजे खाटीक?"

"नाही नाही. खाटकाले तं मान होता. हे मेलेलं जनावर ओढून न्यायचे. गावाबाहेर राहायचे. दारूच्या गुत्त्यात यांचा पेला वेगळा, चर्चमधे बाक वेगळं. घरी कोणी मेलं तं खांदा द्यालेही कोणी येत नव्हतं."

हे सगळं तो चिवड्यातले शेंगदाणे वेचत सांगत होता. त्याची लांब, गोरी बोटं बशीत फिरत होती, तोंडाकडे जात होती, पुन्हा बशीत येत होती. मनोहररावांना त्या बोटांकडे बघवेना. त्याच बशीतला घासभर चिवडा त्यांनी नुकताच खाल्ला होता. तो घशाशी आला.

कच्च्या कातड्याचा वास त्यांनी जन्मात घेतला नव्हता. तरी तो आता त्यांच्या नाकात शिरला. चुन्याच्या पाण्यात भिजणारं कातडं, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, खरवडलेली चरबी. त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"बाबा, बरं नाही वाटत का?" श्वेतानं विचारलं.

"उकडतंय." ते रुमालातूनच बोलले. "आणि हे असलं नाव अजून लावणारे लोक आहेत?"

"साऱ्या जर्मनीत आता आमची नऊ घरं उरली." योनासला या विषयाचा भारीच नाद दिसत होता. "दोनशे वर्षांआधी आमच्या एका खोऱ्यात शंभराच्या वर होती. मले वाटे, कोणत्या साथीत मेले असतील. मी चर्चमधल्या जुन्या नोंदी पाह्यल्या. कोणीच मेलं नव्हतं. माणूस शहरात गेला की नाव टाकून द्यायचा. कोणी म्युलर झाला, कोणी बाउअर."

"चांगलं केलं त्यांनी." मनोहरराव इतक्या झटक्यात म्हणाले की श्वेतानं मान वर केली.

"माह्या आजोबाले सारे म्हणत, तूही बदल. ते म्हणत, काम कवाच सुटलं, आता नाव काय चावते?" योनासनं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. "काका, तुमच्या नावाचा अर्थ काय हो? इनामदार?"

"ज्यांना जमिनी इनाम मिळाल्या, ते इनामदार."

"अच्छा," योनास म्हणाला आणि त्यानं श्वेताकडे पाहिलं.

मनोहरराव उठून आत गेले. बेसिनवर त्यांनी चूळ भरली. मग हात धुतले. मघाशी दारात त्यांनी याच मुलाचा हात हातात घेतला होता, प्रेमानं दाबलाही होता. त्यांनी पुन्हा साबण घेतला आणि मनगटापर्यंत चोळला. तरी काहीतरी बुळबुळीत चिकटून राहिल्यासारखं वाटत होतं. श्वेता या माणसाचं नाव लावणार. पत्रिकेवर ते छापलं जाणार. कुणीतरी खोदून अर्थ विचारणार, आणि हा मूर्ख हसत हसत, शेंगदाणे खात सांगणार.

श्वेता मागून आली. हातात रिकामे ग्लास होते.

"त्याचा ग्लास वेगळा ठेव," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"काय?"

"वेगळा ठेव म्हटलं. आणि हे लग्न होणार नाही."

श्वेताच्या चेहऱ्यावर राग नव्हता, किळस होती. मग ती ग्लास घेऊन तशीच बाहेरच्या खोलीत परत गेली. मनोहररावांनी हात पुसले आणि तेही बाहेर आले.

"मिस्टर योनास," ते उभ्यानंच म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, तुमच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या घराण्यात हे चालणार नाही."

योनास उठला नाही. श्वेतानं हातातल्या ग्लासांपैकी त्याच्याच ग्लासात पाणी ओतलं आणि ती सावकाश, सगळं प्यायली.

"श्वेता!"

"बाबा, गावात आपलं कोणीच उरलं नाही, असं तुम्ही सांगितलं होतं ना?"

मनोहररावांनी खिशातला रुमाल पुन्हा काढला.

"काका, मागच्या रविवारी आम्ही दोघं भिवापूरकडं तुमच्या गावी गेलो होतो," योनास म्हणाला. आता त्याचा आवाज हळू झाला होता. "इनामदारांचं घर कुठं हाय म्हणून विचारलं, तं कोणालेच माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्या बाबानं श्वेताचं तोंड पाह्यलं आणि ते रडालेच लागले. आपल्या घरी नेऊन त्यांनी आम्हाले जेवू घातलं. धोंडबा नाव त्यांचं. तुमच्यासाठी त्यांनी निरोप देल्ला हाय."

मनोहररावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"म्हणे, 'माह्या लहान भावाले सांगजो, ढोरं ओढणं तं आपल्या बापानं तू जन्मायच्या अगुदरच सोडलं, छप्पन साली, दीक्षा घेतली त्याच दिवशी. तू आजून कोणाले भिऊन पळून राहिला गा?'"